दहा दिवसांची मुदत

दिवाळीच्या अंकासाठी उन्हाळ्यावर लिहावयाचे म्हटले, की संपादक एकदा चष्म्यावरून पाहतात. घरोघर चकल्यांचा घाणा चालू असताना या बाई वैशाखाच्या झळांविषयी सांगत बसणार! पण या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, की बागेचे पंचांग आपल्या पंचांगाच्या चार महिने पुढे चालते. चैत्रात ओंजळभर मोगरा हवा असेल, तर त्याची तयारी आकाशकंदील उतरवताच सुरू करावी लागते. दुसरे कारण असे, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांतली निम्म्याहून अधिक पत्रे चैत्र-वैशाखातली असतात आणि त्यांतल्या बहुतेकांत एकच प्रश्न असतो : "झाडावर कीड पडली आहे, कोणते औषध मारू?" वर्षभर मी या प्रश्नाला तुकड्यातुकड्याने उत्तरे देत आले. दिवाळीत पाने जरा सढळ हाताने मिळतात, तेव्हा आज सगळे एकदमच सांगून टाकते.

कालिदासाने 'ऋतुसंहारा'चा आरंभ वसंतापासून न करता ग्रीष्मापासून केला. वर्गात हे सांगितले, की एखादा चुणचुणीत विद्यार्थी "असे का?" म्हणून विचारतोच. पंडितांनी काय उत्तरे द्यायची ती देवोत. आम्हां बाग करणाऱ्यांना त्यात काही नवल वाटत नाही. पुण्यासारख्या गावी सुगंधाचे वर्ष उन्हाळ्यातच सुरू होते. पारा चाळीस अंशांकडे चढू लागतो, रस्त्यावरचे डांबर मऊ होते आणि नेमक्या त्याच दिवसांत मोगऱ्याला पहिल्या टपोऱ्या कळ्या धरतात. मोगरा हे ताणावर फुलणारे झाड आहे. मार्गशीर्षात त्याचे पाणी तोडावे, पौषाच्या अखेरीस धीर करून अर्ध्यावर छाटावे, मुळाशी शेणखत घालावे आणि मग पुन्हा पाणी सुरू करावे. हा उपास ज्याला घडतो, तो मोगरा चैत्रात फुलांनी लवतो; वर्षभर लाडाने पाणी पाजलेला मोगरा नुसती पाने मिरवीत बसतो. बटमोगरा, मदनबाण, हजारी असे त्याचे किती प्रकार! परंतु वागणूक सर्वांची एक : कळी दुपारी खुडावी आणि दिवेलागणीला ती गजऱ्यात उमलावी.

मोगऱ्याच्या मागोमाग अनंत येतो. पहिल्या दिवशी शुभ्र, दुसऱ्या दिवशी सायीसारखा पिवळसर. सोनचाफ्याची पहिली फुले आपण पाहत नाही, ती आपल्याला वासाने कळतात. कुंपणावरच्या मधुमालतीचे तर एक लहानसे नाटकच असते. संध्याकाळी उमलते तेव्हा फूल पांढरे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि पुढे लालभडक. रात्री पांढरा रंग आणि वास लांब सोंडेच्या पतंगांना बोलावतो, दिवसा तांबूस रंग मधमाश्या आणि पाखरांना. एकाच वेलीवर रात्रपाळीचे आणि दिवसपाळीचे असे दोन्ही ग्राहक! रस्त्यापलीकडच्या बहाव्याचे पिवळे घोस खाली लोंबू लागले, की त्यावर काळे भुंगे असे घोंघावतात, की दुपारची झोप त्या आवाजानेच लागते.

आता पाहुण्यांकडे वळू. फुले आली की पाहुणे येतात, आणि याच दिवसांत त्यांतल्या पुष्कळांचे संसार मांडलेले असतात. शिंजीर पाहा. हिवाळ्यात ज्या नराचा रंग मळक्या पिवळ्या सदऱ्यासारखा असतो, तोच उन्हाळ्यात जांभळ्या-काळ्या झळाळीत येतो. मादी कोळ्याची जाळी, काटक्या आणि वाळली पाने यांचे लोंबते घरटे बांधते; त्याच्या दाराला वर पडवीही काढते. हे मध पिणारे पाखरू आहे असे आपण मुलांना शिकवतो, आणि ते खरेही आहे. परंतु पिलांना मधावर वाढवता येत नाही. पिलांना कोळी लागतात, किडे लागतात. दाणे टिपणारी चिमणीही आपल्या पिलांना आरंभी अळ्याच भरवते. बुलबुल, दयाळ, शिंपी, सर्वांची हीच रीत. पंख फुटावयाचे तर अंगात मांस भरले पाहिजे, आणि ते मांस आपण ज्याला कीड म्हणतो त्या कीडीतूनच येते.

आपल्याला कीड नको असते, पाखरे मात्र हवी असतात. बागेला ही मागणी कळत नाही.

आमच्या स्वयंपाकघरामागे एक कढीपत्ता आहे आणि त्याच्या शेजारी सोसायटीचे सामाईक कागदी लिंबाचे झाड. गेल्या वैशाखात सासूबाई सकाळीच वाटी घेऊन मागल्या दारी गेल्या आणि रिकाम्या वाटीने परत आल्या. म्हणाल्या, "अगं, फोडणीला चार पाने मिळेनात. शेंडे कुणी कुरतडून नेलेत. आणि पानांवर कसली विष्ठा पडलीय बघ पाखरांची!"

"आई, ती विष्ठा नव्हे," मी म्हटले, "जरा काडीने डिवचून पाहा."

त्यांनी डिवचले मात्र, त्या 'विष्ठे'ने डोके उचलले आणि मानेमागून दोन लालसर शिंगे बाहेर काढली. उग्र दर्प सुटला. आई दोन पावले मागे सरल्या आणि मग हसत सुटल्या. लिंबावरच्या फुलपाखराची ही अळी. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेचे सोंग घेते, म्हणजे कुणी तिला खावयास जात नाही. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. अंड्यापासून पंखांपर्यंतचा तिचा सगळा प्रवास उन्हाळ्यात साधारण महिन्याभरात उरकतो. लिंबू आणि कढीपत्ता ही तिची आवडती झाडे. आणि याच लिंबाच्या कुळावर आणखी एक अळी वाढते, तिचे मोठेपण फार कमी लोकांना ठाऊक असते. काळ्या मखमली पंखांवर निळे पट्टे असलेली ब्लू मॉर्मन म्हणजेच राणी पाकोळी. २०१५ साली महाराष्ट्राने तिला राज्याचे फुलपाखरू म्हणून मान दिला. असा मान देणारे हे देशातले पहिले राज्य. म्हणजे फुलपाखरू झाले की राज्याचे भूषण, आणि त्याआधी लिंबावरची कीड! अनंताची पाने खाणाऱ्या, शेपटीवर काटा असलेल्या हिरव्या अळीतून काचेसारख्या पंखांचा, भर दिवसा फुलापुढे अधांतरी राहून मध पिणारा पतंग निघतो. सोनचाफ्याची आणि अशोकाची पाने कुरतडणारी अळी पुढे हिरव्या ठिपक्यांचे चपळ फुलपाखरू होते. बहाव्यावरची अळी फिकट पिवळे पाखरू होऊन पावसाळ्यात शेकड्यांनी उडते.

हे सारे आईंना पटले, कारण त्यांच्या हाती ती काडी होती. पण सोसायटीतल्या बाकीच्या बिऱ्हाडांच्या हाती काडी नव्हती. त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर अळ्या होत्या. तक्रारी झाल्या. रविवारी जिन्याखाली सभा भरली आणि सबंध आवाराला औषधाची फवारणी करावी, असा ठराव पुढे आला. ठराव मांडणारे आमच्या वरच्या मजल्यावरचे नाना. त्यांच्या गुलाबांचा साऱ्या गल्लीत लौकिक आहे.

अडचण अशी होती, की लिंबाच्या बुंध्याशी उगवलेल्या देशी बदामाच्या रोपावर शिंपिणीने दोन पाने शिवून घरटे केले होते आणि आत चार दिवसांची तीन पिले होती. शिंपी पक्ष्याची पिले साधारण पंधरवड्यात घरटे सोडतात. मी सभेत म्हटले, "मला फक्त दहा दिवसांची मुदत द्या."

नाना म्हणाले, "बाई, तुम्ही साहित्यातल्या. अळी म्हणजे काही उपमा-अलंकार नव्हे. दहा दिवसांत झाडाचा खराटा होईल."

"होईल कदाचित. पण नाना, उद्या सकाळी सात वाजता खाली येऊन तासभर माझ्या शेजारी बसा. मग काय ते ठरवा."

नाना आले, चहाचा कप घेऊन आले आणि घड्याळही घेऊन आले. त्या एका तासात नर-मादींनी मिळून वीसहून अधिक खेपा केल्या, आणि प्रत्येक खेपेला चोचीत काही ना काही वळवळत होते. नाना खेपा बोटांवर मोजत होते. बोटे संपली तेव्हा गप्प झाले. शेवटी म्हणाले, "दहा दिवस म्हणजे दहा दिवस हं. अकरावा नाही."

आता या दहा दिवसांत बागेत काय काय होते ते सांगते, कारण माझे खरे सांगणे तेच आहे.

पहिली गोष्ट, पानाला भोक दिसले म्हणजे शत्रू आला असे नाही. गुलाबाच्या पानांच्या कडेला कुणी कंपासाने कापल्यासारखी अर्धचंद्राकृती भोके दिसतात. हे काम पाने कापणाऱ्या मधमाशीचे. ती एकटीच राहते, पान खात नाही. पानाचे तुकडे नेऊन एखाद्या भिंतीच्या भोकात किंवा पोकळ काडीत पिलांसाठी खोल्या करते. जी पान खातच नाही तिला पानावरचे विष लागणार नाही. ते लागेल ते फुलांवर येणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी.

दुसरी गोष्ट, पुष्कळदा उपाय झाडावर आलेला असतो आणि आपण त्यालाच चिरडतो. फाल्गुनात कोवळ्या शेंड्यांवर मावा दाटतो. माव्याची मादी नराच्या संगतीवाचून जिवंत पिले घालते, म्हणून तो बघता बघता वाढतो. त्याच्या गोड पाझरावर मुंग्या येतात, गुरे राखावीत तसा मावा राखतात, आणि त्या चिकट पाझरावर काळी काजळी चढते. पण दहा दिवस थांबले, की त्या माव्यात काळपट, इवल्या सुसरीसारखी एक अळी फिरताना दिसते. गृहिणी तिला हटकून मारतात. तीच पुढे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा होते, आणि माव्याचा तिच्याएवढा मोठा खाणारा नाही.

तिसरी गोष्ट, उन्हाळ्यातला लाल कोळी. पाने फिकट, ठिपकेदार होतात, खालच्या अंगाला बारीक जाळी दिसते. हा कीटक नव्हेच; आठ पायांचा कोळ्यांचा भाऊबंद. नेहमीच्या कीटकनाशकाने त्याचे शत्रू आधी मरतात आणि तो मोकळा सुटतो. म्हणूनच "औषध मारल्यावर जास्तच झाले" अशी पत्रे मला ज्येष्ठात येतात. त्याला साधे पाणी मानवत नाही. सकाळी पानांच्या खालून जोराची पिचकारी मारावी. चार-पाच दिवस नेमाने.

शत्रूला त्याचाच शत्रू भेटवला म्हणजे काय होते, याचा एक मोठा दाखला आपल्याच देशातला आहे. मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूरला दिसला. आपल्याकडे त्याला खाणारे कुणी नव्हते. त्याने पपई, तुती, जास्वंद, काही सोडले नाही आणि महाराष्ट्रातही तो पोचला. फवारण्या हरल्या, कारण त्याच्या अंगावर मेणचट पिठाचे कवच असते. शेवटी २०१० साली प्युर्तो रिकोहून एक परजीवी माशी आणून सोडण्यात आली. गांधीलमाशीच्या गणातली, पण लांबीला मिलिमीटरभरही नाही. ती पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडे घालते. जे काम औषधांच्या टाक्यांनी झाले नव्हते ते तिने वर्ष-दीड वर्षात करून दाखवले.

मराठीचा तास घेणाऱ्या बाईला या माशीवरून दुसरीच एक माशी आठवते. आपल्या भिंतीवर मातीची मडकुली लिंपणारी कुंभारीण सर्वांनी पाहिली आहे. ती एखादी अळी उचलून आणते, मडक्यात कोंडते, तोंड लिंपून टाकते. आणि काही दिवसांनी आतून नवी कुंभारीण बाहेर पडते. आपल्या संतांनी यातून कीटक-भृंगीचा दृष्टांत घेतला : भृंगीच्या ध्यासाने कीटकच भृंगी झाला, तसा भक्त देवाच्या ध्यासाने देव होतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले आहेत त्यांत हाही एक आहे, आणि एकनाथांची प्रसिद्ध टीका त्याच स्कंधावर आहे. आज आपल्याला ठाऊक आहे, की कुंभारीण अळीला नांगी मारून बधिर करते, आपले अंडे आत ठेवते, आणि तिचे पिलू ती अळी खाऊन वाढते. त्याने दृष्टांताचे मोल मला तरी कमी झालेले वाटत नाही. कुणीतरी मडक्यासमोर दिवसचे दिवस बसून पाहिले होते, हेच त्यातून कळते. त्या चोवीस गुरूंत पतंग आहे, मधमाशी आहे, कोळी आहे. अवधूताने शिष्यत्व पत्करले ते जवळजवळ आपल्या परसातल्याच मंडळींचे!

मात्र दहा दिवसांची मुदत सर्वांनाच द्यावी असे मी म्हणणार नाही. मोगऱ्याच्या कळ्या न उमलता जांभळ्या पडून गळू लागल्या, तर आत कळी पोखरणारी अळी आहे; तशा कळ्या रोज खुडून नष्ट कराव्यात, खालचा कचरा झाडून घ्यावा. जास्वंदीच्या शेंड्यावर पिठ्या ढेकूण दिसला तर तो शेंडा त्याच दिवशी कापून पिशवीत बांधून टाकावा. थोडा असेल तर सौम्य साबणाच्या पाण्याने बोळ्याने पुसावा. त्याने भागले नाही तर निंबोळीचा अर्क : पन्नास ग्रॅम निंबोळीचे चूर्ण लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावे, गाळावे, चिमूटभर साबण मिसळावा आणि ज्या झाडाला रोग त्याच झाडावर, मधमाश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी फवारावे. निंबोळ्या ज्येष्ठ-आषाढात झाडाखाली फुकट पडलेल्या असतात. वेचून सावलीत वाळवून ठेवाव्यात. पाखरांसाठी पाण्याचे पसरट भांडे ठेवावे, पण ते रोज घासून भरावे. साठल्या पाण्यात डासाची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते, आणि डासाला मुदत देण्याइतकी उदार मी नाही.

आमच्या सोसायटीचे पुढे काय झाले, हे विचारणारच तुम्ही. लिंबाची अर्धीअधिक पाने गेली. नानांचे म्हणणे तेवढे खरे ठरले. सातव्या दिवशी आईंनी कुंपणावरच्या भारद्वाजाला हात जोडले, कारण त्याचे दर्शन शुभ. आणि तासाभरात त्याच भारद्वाजाने शिंपिणीचे एक पिलू उचलले. आई दिवसभर त्याच्यावर रागावल्या होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, "त्याचीही पिले असतील." उरलेली दोन दहाव्या दिवशी सकाळी बदामावरून लिंबावर आणि लिंबावरून मधुमालतीवर गेली. अकराव्या दिवशी कुणी सभा बोलावली नाही. मृगाच्या सरी आल्या, लिंबाला नवी तांबूस पालवी फुटली, आणि कार्यकारिणीचा ठरावही जुन्या पानांसारखाच गळून गेला. नानांनी मात्र स्वतःच्या गुलाबांवर फवारायचे ते फवारलेच. ते त्यांचे गुलाब आहेत. फक्त आता ते संध्याकाळी फवारतात, आणि आधी भिंग घेऊन पानांमागे पाहतात.

तेव्हा वाचकहो, फराळ झाला, पणत्या धुऊन फडताळात गेल्या, की मोगऱ्याचे पाणी तोडा. पौषाअखेर छाटा. आणि चैत्रात पहिले कुरतडलेले पान दिसले, की मला पत्र टाकण्यापूर्वी दहा दिवस त्या झाडाशी सकाळी तासभर बसा. मग अवश्य लिहा. औषधाचे नाव विचारण्याऐवजी काय काय पाहिले ते लिहा. अशी पत्रे वाचावयास मला फार आवडतील. दिवाळी सर्वांना सुखाची जावो.